कासवखडपावरचा खांब

“अजून एकदा विचार कर, चारू. खाली करंट आसा.”

उल्हासदादानं होडीचं इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे न बघता नांगर सोडला. दोर सरसरत गेला. सहा वाव, म्हणजे छत्तीसेक फूट, गेल्यावर थांबला.

मी मास्कमध्ये थुंकले, काच बोटानं घासली, धुतली. “करंट नाय. पाणी विहिरीसारखा शांत आसा.”

“वरचा वेगळा, खालचा वेगळा.”

“चार महिने तू ह्याच सांगतंस. तू येऊ नको. मी एकटी जातंय.”

“एकट्यान जाऊचा नसता. पयल्या दिवशी काय शिकवलंय तुका?”

“मगे चल.”

मग त्यानं सिलिंडर पाठीवर चढवला, पट्टे आवळले, माझे पट्टे तपासले. एरवी एकदा तपासायचा, त्या दिवशी तीनदा तपासले. मला वाटलं, हा माझ्यासाठी घाबरलाय.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि माझ्या डोक्यात रागाशिवाय दुसरं काही नव्हतं. लोकांना वाटायचं, वसंततांडेलाच्या मुलीला पाण्याची हौस आहे, शहरातल्या पाहुण्यांसारखी तीही मासे बघायला बुडी मारते. मासे मी लहानपणापासून टोपलीत बघत आले होते. मी बुडी शिकले ती एकाच कारणासाठी. मला कासवखडपाच्या तळाशी जायचं होतं.

आमचं माडबंदर मालवणच्या खालच्या अंगाला. बंदरापासून तीनेक मैल आत समुद्रात हे खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, आहे. ते कधीच उघडं पडत नाही. अगदी मोठ्या ओहोटीलाही वर हातभर पाणी असतं, म्हणून ते जास्त वाईट. इंग्रज साहेबाच्या काळात कुणीतरी त्याच्या पाठीत मांडीएवढा जाड लोखंडी खांब रोवला होता. पाण्यावर दोन पुरुष उंच, टोकाला पिंजऱ्यासारखं टोपलं. त्यावर दिवा नव्हता, घंटा नव्हती. दिवसभर पाणकावळे पंख वाळवत बसायचे. बाहेरून येणाऱ्या बोटीनं तो खांब डाव्या हाताला ठेवायचा, तो मागे पडला की मगच बंदराकडे वळायचं. माझ्या बाबांनी हे त्यांच्या वडलांकडून घेतलं होतं, त्यांनी त्यांच्या वडलांकडून.

त्या बुडीच्या वर्षभर आधी, फेब्रुवारीत, बाबांची बोट याच खडपावर फुटली. गावात जत्रा होती. जत्रेचे दोन दिवस आमच्याकडे कुणी समुद्रावर जात नाही. बाबा आणि त्यांचा भागीदार जयवंत जत्रेच्या आदल्या दिवशी गेले होते. जाळी बाहेर टाकलेली राहिली होती, ती उचलून जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊन पालखीला उभं राहायचं, असा बेत. येताना धुकं लागलं. बोट खडपावर चढली, फुटली आणि पलीकडे कलंडून बुडाली. बाबा फळीला धरून तरंगत राहिले. जयवंत बोटीबरोबर खाली गेला.

त्याला वर काढलं उल्हासनं. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा नीट बुडी मारता येणारा तो एकटाच होता. पंख्यात अडकलेली जाळी सोडव, बुडालेली इंजिनं काढ, अशी कामं तो करायचा. जयवंत केबिनमध्ये सापडला, असं त्यानं सांगितलं. खांब बोटीच्या धडकेनं मोडून पडलाय, असंही त्यानंच सांगितलं. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी ते लिहून घेतलं. पाण्याखाली जाऊन बघणारा दुसरा होता कोण?

मग देवळाच्या सभामंडपात गाव बसला. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष भालूशेठ मध्ये होते. बंदरातली सगळ्यात मोठी पर्ससीन बोट त्यांची. गोल फिरवून माशांचा अख्खा थवा गुंडाळणारी ती मोठी जाळी आमच्याकडे पहिल्यांदा त्यांनीच आणली.

“वसंता, खरा सांग,” ते अगदी प्रेमानं म्हणाले. “डोळो लागललो ना?”

“नाय,” बाबा म्हणाले. “मी सुकाणूर होतंय. जयवंत पुढे नाळीर उभो राहून खांब बघी होतो. खांब दिसाकच नाय. म्हणान आमका वाटला, खडप अजून लांब आसा.”

“खांब दिसाक नाय, पण बोट खांबारच आपटली?”

कुणीतरी हसलं. मेलेल्या माणसाच्या सभेत हसलं.

“आणि जयवंत नाळीर होतो, तर केबिनीत कसो गावलो? नाळीर उभो माणूस पाण्यात पडता, वसंता. केबिनीत झोपललो माणूस गावता.”

“आपटल्यार तो वायरलेसार सांगूक भितर गेलो.”

“कोणाक ऐकाक इला? कोणाच्या बोटीर काय आवाज इलो?”

कुणाला ऐकू येणार? सगळ्यांच्या बोटी बंदरात बांधलेल्या होत्या आणि माणसं जत्रेत होती. मग भालूशेठनी मला विचारलं, बाबा घरून निघाले तेव्हा कसे होते. मी खरं सांगितलं. आधीच्या दोन रात्री मला ताप होता आणि बाबा माझ्या उशाशी बसून होते, झोपले नव्हते. मला वाटलं, मी बाबांचं कौतुक सांगतेय. भालूशेठनी सगळ्यांकडे बघून मान हलवली. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते.

जयवंतची बायको, मंदावहिनी, बायकांमधून उठली. बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. “तुमी दोघा घोरत होतास,” ती म्हणाली. “तुमी जागे झालास, तो झालो नाय.” आणि त्यांच्या पायांपाशी थुंकली.

ठरलं असं, की वसंततांडेलानं यापुढे माडबंदरच्या कुठल्याही बोटीच्या सुकाणूला हात लावायचा नाही. बाबा उठून घरी आले. त्या दिवसापासून ते ओसरीवर बसून इतरांची जाळी विणून द्यायला लागले. आई माझ्या लहानपणीच गेलेली. घरी आम्ही दोघंच. ते बोलत नसत, आणि मी काय बोलणार?

त्याच पावसाळ्यानंतर उल्हासनं पाहुण्यांसाठी स्कुबा सुरू केलं. सिलिंडर भरायचा कंप्रेसर त्याला भालूशेठनी घेऊन दिला होता. मी त्याच्याकडे गेले. “माका शिकव.”

“बायल माणूस कोण शिकता ह्या?”

“माका शिकव. मी सिलिंडर भरतंय, होडी धुतंय, पावण्यांका कपडे देतंय. माका पगार नको.”

त्यानं कंप्रेसर बंद केला. मग म्हणाला, “ये उद्या.” आणि शिकवलं, मनापासून. आधी खाडीत, मग किनाऱ्याजवळ, मग खोल. कान कसे मोकळे करायचे, हवा कशी पुरवायची, भीती वाटली तर आधी थांबायचं आणि मग विचार करायचा. सहा महिन्यांत त्यानं मला एकदाही आवाज चढवून काही म्हटलं नाही. सगळ्या गावात माझ्याशी नीट बोलणारा तो एकटाच होता. मी त्याला दादा म्हणायला लागले.

फक्त कासवखडपाचं नाव काढलं की तो करंट सांगायचा.

आम्ही उतरलो. पाणी इतकं स्वच्छ होतं की अर्ध्या वाटेवरच मला बोट दिसली. ती आडवी पडली होती, खडपाच्या दक्षिणेला, वाळूत निम्मी रुतलेली. सातेरीप्रसाद. नावातली तीनच अक्षरं उरली होती. नाळेखाली माणूस आत जाईल एवढं भोक होतं. त्यातून एक मोठा गोब्रा मासा बाहेर डोकावला आणि परत आत गेला. केबिनचं दार उघडं होतं. मी त्या दारापाशी गेले, आत जाववलं नाही.

मी खांब शोधायला लागले. बोटीनं मोडला असेल तर तो बोटीजवळच पडायला हवा. वाकलेला, चेपलेला. मी नाळेच्या चारी बाजूंनी फिरले. वाळूत हात घातले. जाळ्याचे तुकडे उचलून बघितले. काही नाही. मग खडपाच्या पाठीवर गेले, जिथे खांब उभा असायचा. तिथे सगळी कालवं आणि शेवाळ. हवेचा काटा बघितला तर निम्म्याहून जास्त हवा संपली होती. राग आला की हवा जास्त लागते, हे त्यानंच मला शिकवलं होतं.

तेव्हा उल्हासनं माझा हात धरला.

इतका वेळ तो बाजूला नुसता तरंगत होता. शोधायला त्यानं मला जराही मदत केली नव्हती. आता त्यानं मला ओढत खडपावरून नेलं. डावीकडे-उजवीकडे बघितलं नाही. एका जागी थांबला, कमरेचा सुरा काढला आणि कालवं खरवडली. खाली लोखंड होतं, बुंधा. वरून सपाट, पाटासारखा. एका कडेला बोटभर भाग तेवढा फाटल्यासारखा. बाकी सगळ्यावर बारीक, एकसारख्या रेघा. करवतीच्या.

मग तो मला खडपाच्या उत्तरेला घेऊन गेला. बोट पडली होती त्याच्या बरोबर उलट बाजूला. तिथे वाळूवर खांब सरळ पडलेला होता. एकही पोचा नाही. टोपल्याच्या खाली जाड तारेचा दोर दुहेरी गुंडाळलेला होता आणि त्याचं टोक तोडून टाकलेलं.

मी वळून त्याच्याकडे बघितलं. मास्कच्या आत त्याचे डोळे मिटलेले होते.

वर आलो. मी होडीची कड धरली आणि तोंडातली नळी काढली.

“तुका कसा म्हायती?”

तो होडीवर चढला. मला वर घ्यायला हात पुढे केला. मी तो घेतला नाही. माझी मीच चढले.

“उल्हास, तुका कसा म्हायती खांब खय पडलो तो?”

“मीच कापलंय.”

त्यानं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला एक क्षणभर कळलंच नाही.

“भालूशेठची जाळी दोन खेपेक त्या खांबार फाटली,” तो म्हणाला. “खडपाभोवती बांगडो असता. खांब गेलो तर गोल फिराक गावता. जत्रेक समुद्रार कोण नसता, म्हणान तो दिवस धरल्यानी. मी तेच्या आधी दोन दिवस खाली करवत मारलंय. बोटभर कापूचा ऱ्हवला तेव्हा, जत्रेच्या पयल्या दिवशी, शेठच्या बोटीरल्या सूर्यकांतान तारेचो दोर बांधल्यान आणि बोटीन ओढून पाडल्यानी. शेठ म्हणालो, जत्रा झाली की थय तरंगतो बोया लावया. तुझो बापूस भायर आसा, ह्या माका म्हायती नव्हता गो. देवाशपथ.”

“आणि मगे?”

“मगे काय?”

“मगे जेव्हा कळला, तेव्हा? सभेत तू खय होतंस?”

तो सिलिंडरचे पट्टे सोडायला लागला.

“खय होतंस?”

“मागे. देवळाच्या खांबाक टेकून उभो.”

मी त्याच्या तोंडावर मारलं. उघड्या हातानं नाही. मुठीनं. मग परत मारलं. त्याच्या ओठातून रक्त आलं आणि त्यानं हात वर केला नाही. त्याचा मला आणखी राग आला. मला तो हात वर करायला हवा होता.

“माका शिकवलंस कित्या?” मी ओरडले. “सहा महिने! भालूशेठान घेऊन दिल्या कंप्रेसरार माका सिलिंडर भरूक लावलंस!”

“दुसरो कोण तुका हय हाडतलो होतो?” तो रक्त पुसत म्हणाला. “मी रोज म्हणी होतंय, आज नेतंय हिका. तूच बघशीत. मगे माका काय सांगूचाच लागूचा नाय.”

“म्हणजे तुझा काम माझ्या डोळ्यांनी व्हया होता तुका.”

“आता तू सगळ्यांका सांग. मी नाय म्हणूचंय नाय.”

“नाय!” माझा आवाज फुटला. “मी नाय सांगूचंय. तुझा तोंड तुझ्याकडे आसा. तू सांगतलंस. आधी मंदावहिनीक, मगे माझ्या बाबांका, मगे गावाक.”

मी नांगर ओढला. दोर हातात घासून कातडं निघालं, ते मला घरी गेल्यावर कळलं. इंजिनाची दोरी मीच खेचली. होडी थेट बंदराला लावली.

मंदावहिनी अंगणात कोयत्यानं नारळ सोलत होती. मला बघून तिनं मान फिरवली. वर्षभर ती तेच करायची. मग मागे उल्हास दिसला, तसं ती उठून उभी राहिली. त्याच्यावर तिचा जीव होता. नवऱ्याला पाण्यातून काढून तिच्या दारात आणणारा माणूस तो.

“ये भावा. ओठाक काय झाला?”

तो उभा राहिला. मी वाट बघितली. मी म्हटलं, “सांग.”

“वहिनी, तो झोपललो नव्हतो.”

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. करवत, जत्रा, तार, दोर. मंदावहिनीच्या हातात कोयता तसाच होता. सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

“तू माका सांगलंस, तो केबिनीत गावलो. कसो गावलो? उताणो? आडवो?”

उल्हासनं माझ्याकडे बघितलं. मलाही हे माहीत नव्हतं.

“बसललो,” तो म्हणाला. “कोपऱ्यात. वायरलेसचो माइक तेच्या मुठीत होतो. गच्च. माका बोटा उघडून काढूचो लागलो.”

“काढलंस? कित्या?”

“लोकांनी बघल्यार म्हणतले होते, जागो होतो. मगे इचारतले होते, जागो होतो तर खांब कसो दिसाक नाय.”

मंदावहिनी खाली बसली. रडली नाही. सोललेले नारळ एकाशेजारी एक लावायला लागली, जणू ते मोजून ठेवल्याशिवाय उठता येणार नव्हतं. वर्षभर ती त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होती, झोपून मेलास म्हणून, लेकराबाळांचा विचार केला नाहीस म्हणून. हे तिनं मला फार नंतर सांगितलं. त्या दिवशी तिनं फक्त कोयता बाजूला ठेवला, पदर खोचला आणि आमच्या घराच्या वाटेला लागली. आम्ही दोघं तिच्या मागून.

बाबा ओसरीवर जाळं विणत होते. मंदावहिनी अंगणात येऊन उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदा.

“काकानू,” ती म्हणाली. “तुमी खरा सांगी होतास.”

बाबांनी सुई खाली ठेवली. उल्हासनं परत सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तो कमी अडखळला, त्याचाही मला राग आला. बाबा ऐकत राहिले. शेवटी उठले. मला वाटलं आता हे त्याचा गळा धरतील. मला ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू?

“तू जयवंताक घेऊन वर इलंस,” बाबा म्हणाले, “तेव्हा मी तुझे पाय धरलंय.”

“होय, काका.”

“रेतीर. सगळ्यांसमोर. माझो भागीदार परत दिलंस म्हणान.”

“होय.”

“आणि तू पाय मागे घेऊक नाय.”

उल्हास रडायला लागला. बाबा त्याच्या अगदी जवळ गेले आणि ओरडले. बारा महिने न बोललेला माणूस ओरडला. “पाय मागे तरी घेवचे होते रे मेल्या!” आळीतली दारं उघडली. माणसं अंगणाच्या दगडी गडग्याशी आली. बाबा सगळ्यांकडे बघून तेच तेच ओरडत राहिले, दम संपेपर्यंत.

त्याच संध्याकाळी उल्हास पोलिसांत गेला. मी चौकीच्या दारात उभी राहिले, तो सही करेपर्यंत.

खटला नऊ वर्षं चालला. खांब वर काढला, करवतीच्या खुणा कोर्टानं मान्य केल्या. पण तारेचा तसला दोर कुठल्याही मोठ्या बोटीवर असतो, असं भालूशेठचे वकील म्हणाले. पर्ससीन बोटीवर त्या दिवशी बारा खलाशी होते. बारा जण कोर्टात उभे राहिले आणि बारा जणांनी सांगितलं, आम्ही जत्रेत होतो. भालूशेठ सुटले. उल्हासला दोन वर्षांची शिक्षा झाली. करवत त्याची होती, कबुली त्याची होती. कासवखडपावर आता एक पिवळा बोया तरंगतो, त्याला दिवाही आहे.

बाबा परत समुद्रावर गेले, एका लहान होडीतून. सोसायटीची बंदी उठलीय का, हे त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगायलाही आलं नाही.

सुटून आल्यावर उल्हास गावातच राहिला. वाटेत मी दिसले की थांबायचा. मी कधी थांबले नाही. एकदा त्यानं माझ्या मुलाच्या हाती निरोप पाठवला, चारूला म्हणावं माफ कर. मी उलट निरोप पाठवला नाही. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर तो फुप्फुसांच्या दुखण्यानं गेला. मी त्याच्या घरी गेले नाही. बाबा गेले. शहात्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, तरी स्मशानापर्यंत चालत गेले.

परत आल्यावर मी त्यांच्या अंगावर तांब्यानं पाणी घालायला लागले. तांब्या रागानं बादलीवर आपटत होते.

“खांदो पण दिलात?”

“दिलंय.”

“तेका? ज्येना तुमका वरसभर जितो मारल्यान तेका?”

बाबांनी तोंडावरचं पाणी निपटलं. “चारू, तो एकटो तरी बोललो. उशिरा, तुझो मार खाऊन, पण बोललो. ते बारा जण आजपर्यंत बोलूक नाय. माझ्या बाजूक खांद्याक कोण होतो, सांगू? सूर्यकांत.”

“तार बांधणारो?”

“अख्खे वाटेर तेना माझ्याकडे बघूक नाय. दोन खेपेक तेना खांदो सोडूक बघल्यान.”

“तुमी काय म्हणालात?”

“म्हटलंय, तुका जमत नसात तर खांदो बदल.”

मी तांब्या खाली ठेवला. अठरा वर्षं मी एका माणसावर रागावले होते, कारण त्यानं स्वतःचं नाव सांगितलं होतं. ज्यांनी सांगितलं नाही त्यांच्याकडून मी मासे घेत होते, त्यांच्या मुलांना बुडी मारायला शिकवत होते, त्यांच्या लग्नांत जेवत होते. बारांतले तीन मेले होते. नऊ घरं उरली होती आणि सगळी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

मी चपला घातल्या. बाबांनी विचारलं नाही कुठे चाललीस.

सूर्यकांत पडवीत ओल्या केसांनी बसला होता. त्याची बायको चहा घेऊन आली होती. मला बघून तो म्हणाला, “ये गो, बस.”

मी बसले नाही. “त्या दिवशी बोटीर काय झाला, ता माका सांग.”

“खंयच्या दिवशी?”

“तुका म्हायती आसा.”

“कोर्टात सांगलेला आसा.”

“ता खोटा. खरा सांग.”

त्याची बायको चहाची बशी घेऊन तशीच उभी राहिली. तो तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. मी हलले नाही. अंगणातून दोन माणसं गेली, त्यांनी हाक मारली, मी उत्तर दिलं नाही. खूप वेळानं तो बोलायला लागला. आधी फार हळू. जाळी फाटलेली. शेठनं सकाळी बोलावलेलं. तारेची गाठ दोनदा सुटलेली. खांब पाण्यात पडला तेव्हा सगळे ओरडले होते, शर्यत जिंकल्यासारखे. “मी पण ओरडलंय,” तो म्हणाला. त्याची बायको हे पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं बशी उंबऱ्यावर ठेवली आणि आत निघून गेली.

त्याचं संपल्यावर मी वळले.

“खय चल्लंस?”

“बाबूच्या घराकडे. तो पण होतो ना?”

“होतो.” तो खाटेवरून उठला. खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घालायला लागला. “थांब. तुका एकट्येक तो दार उघडूचो नाय. मी येतंय.”